बुडबुड्याचा हिशेब: जहाजाच्या पंख्यापासून माटुंग्याच्या प्रयोगशाळेपर्यंत

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

सांडपाण्याचा विषय निघाला की हल्ली एक शब्द हमखास कानावर येतो. अल्ट्रासॉनिक. कधी त्याच्या जोडीला दुसरा येतो, कॅव्हिटेशन. गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक असतं, वर निळ्याशार पाण्याचा फोटो आणि खाली मजकूर असा, की नुसत्या ध्वनिलहरींनी पाण्यातली विषारी रसायनं मोडतात, क्लोरीन नको, गाळ नाही, वास नाही. एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हे वाचून बरं वाटणारच. ज्यानं ओढ्याचा रंग आठवड्यातून तीनदा बदलताना बघितलाय त्याला आशा विकणं सोपं असतं.

तर हे खरं आहे का? आवाजानं रसायन मोडतं का?

मोडतं. शंभर टक्के मोडतं. १९२७ पासून हे माहीत आहे. मग शंभर वर्षं होत आली तरी आपल्या ओढ्याचं पाणी तसंच का, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर माहितीपत्रकात नसतं, इतिहासात आहे. आणि त्या इतिहासातलं एक महत्त्वाचं प्रकरण आपल्या मुंबईत, माटुंग्याला घडलेलं आहे. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात विहिरीवरच्या मोटारीपासून करू. फुटव्हॉल्व्हची जाळी चोंदली किंवा पाणी फार खोल गेलं, की पंपातून खडखड आवाज यायला लागतो. आत कुणीतरी मूठभर खडी टाकल्यासारखा. मोटार तशीच दामटली तर काही महिन्यांनी इम्पेलर बाहेर काढल्यावर दिसतं की धातूला वाळवी लागल्यासारखे खड्डे पडलेत. पाण्यात खडी नव्हती. मग धातू खाल्ला कुणी? बुडबुड्यांनी. ओढणाऱ्या बाजूला पाण्यावरचा दाब इतका कमी होतो की पाणी न तापवताच त्याची वाफ होते, वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, आणि पुढे दाब वाढला की ते पाण्यात फुटत नाहीत तर आतल्या आत कोसळतात. ही जी पोकळी होऊन कोसळण्याची भानगड आहे, तिलाच कॅव्हिटेशन म्हणतात.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लक्षात आलं ते जहाजांवर. १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये थॉर्निक्रॉफ्ट यांच्या गोदीत 'डेअरिंग' नावाची विनाशिका बांधली गेली. वेग २७ नॉट मिळावा असा करार होता. चाचणीत इंजिन पुरेशी ताकद देत होतं, पंखा गरगर फिरत होता, पण जहाज हवं तितकं पळेना. थॉर्निक्रॉफ्ट आणि त्यांचे अभियंते सिडनी बार्नबी यांनी कारण शोधलं: पंख्याची पाती इतक्या जोरात पाणी मागे ढकलत होती की पात्यामागे पाणी फाटत होतं आणि पंखा पाण्याऐवजी पोकळीत फिरत होता. पाती रुंद केली, वेग मिळाला. या प्रकाराला 'कॅव्हिटेशन' हे नाव सुचवलं आर. ई. फ्रूड यांनी.

पुढचा माणूस जास्त हट्टी होता. चार्ल्स पार्सन्स. वाफेचं टर्बाईन काढणारा. त्यानं आपलं टर्बाईन 'टर्बिनिया' नावाच्या छोट्या बोटीवर बसवलं आणि त्याचीही तीच गत झाली. टर्बाईन इतकं वेगात फिरायचं की पंखा पाण्यात भोक पाडून त्यातच फिरत बसायचा. पार्सन्सनं काय करावं? त्यानं काचेची खिडकी असलेली एक छोटी टाकी बनवली, पाणी जवळजवळ उकळीला आणलं म्हणजे पोकळी लवकर होईल, आणि लुकलुकत्या उजेडात फिरत्या पंख्यामागचे बुडबुडे डोळ्यांनी बघितले. अंदाज नाही, बघितले. मग एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर तीन-तीन असे नऊ पंखे लावले आणि बोट ३४ नॉटच्या आसपास पळाली. २६ जून १८९७ ला राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेडला आरमाराचं संचलन होतं, त्यात ही बोट आगंतुकासारखी घुसली आणि पाठलागावर सुटलेल्या नौदलाच्या बोटींना हाती लागली नाही.

तारीख बघून काही आठवलं का? त्याच हीरक महोत्सवाच्या रात्री, चार दिवस आधी, २२ जूनला, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली होती. एकाच समारंभाची ही दोन टोकं. पाठ्यपुस्तकात आपण एकच शिकतो. असो.

वेगाचा प्रश्न सुटला, पण पंखे झिजायचे थांबले नाहीत. कास्याचे जाडजूड पंखे चाळणीसारखे व्हायला लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलाला याचा खर्च परवडेना. तेव्हा या प्रश्नाला लॉर्ड रॅले यांनी हात घातला. नोबेल मिळून तेरा वर्षं झालेली, वयाची सत्तरी उलटलेली. १९१७ मध्ये त्यांनी पाण्यात गोल पोकळी कोसळताना काय होतं याचं गणित मांडलं. गंमत म्हणजे हा निबंध सुरू होतो तो चहाच्या किटलीपासून. आपण आधण ठेवलं की उकळी फुटायच्या आधी पातेलं सूं-सूं करतं ना, तो आवाज तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात कोसळण्याचा असतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी केलेलं त्याचं वर्णन वाचून रॅलेंना हे गणित करावंसं वाटलं.

गणितातून जे आलं ते थक्क करणारं होतं. पोकळीची त्रिज्या मूळच्या विसाव्या हिश्शावर आली की आजूबाजूच्या पाण्यातला दाब दहा हजार वातावरणांच्या घरात जातो. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर आपल्या अंगावर हवेचा जितका दाब असतो त्याच्या दहा हजार पट, एका टाचणीच्या डोक्याहून लहान जागेत. कासं झिजणार नाही तर काय होईल?

इथपर्यंत बुडबुडा हा शत्रू आहे. त्याला कामाला लावायची कल्पना आली ती दुसऱ्या वाटेनं.

त्याच युद्धात जर्मन पाणबुड्यांनी धुमाकूळ घातला होता. पाण्याखालची पाणबुडी शोधायची कशी? फ्रान्समध्ये पॉल लाँजव्हॅं यांनी आवाज वापरायचं ठरवलं, पण माणसाला ऐकू येणार नाही इतक्या उंच पट्टीचा, म्हणजे सेकंदाला वीस हजारांहून जास्त कंपनांचा. शाळेच्या पुस्तकात ज्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात तो. लाँजव्हॅं हे पिअर क्यूरींचे विद्यार्थी, आणि क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं होतं की क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिला की वीज तयार होते. त्याच्या उलट, वीज दिली की स्फटिक थरथरतो. लाँजव्हॅंनी क्वार्ट्झच्या चकत्या पोलादाच्या दोन थरांमध्ये सँडविचसारख्या दाबून बसवल्या आणि पाण्यात जोरदार कंपनं सोडली. आज चष्म्याच्या किंवा सोन्याच्या दुकानात जे अल्ट्रासॉनिक क्लीनर असतं, त्याच्या बुडाशी याच सँडविचचा वंशज बसवलेला असतो. लाँजव्हॅंच्या टाकीत आवाजाच्या झोतात आलेले मासे मेले. पाण्यात हात घातला तर हाडांत कळ उठायची.

हे सगळं बघणाऱ्यांत एक अमेरिकन पदार्थवैज्ञानिक होते, रॉबर्ट वुड. युद्ध संपल्यावर त्यांच्या जोडीला आला आल्फ्रेड लूमिस. हा मोठा विलक्षण गडी. वकील, मग वॉल स्ट्रीटवरचा बँकर, गडगंज श्रीमंत, आणि मनानं पक्का वैज्ञानिक. न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्कला एका हवेलीत त्यानं स्वतःच्या पैशानं प्रयोगशाळा उभी केली. (आपल्याकडच्या श्रीमंतांनी हवेल्या कशाला बांधल्या हे मी लिहीत नाही.) तिथं दोन किलोवॅटचा ऑसिलेटर, क्वार्ट्झची चकती आणि तेलाची वाटी घेऊन दोघांनी १९२७ मध्ये प्रयोगांची मालिकाच प्रसिद्ध केली. तेलाचा उंचवटा वर उठायचा आणि थेंबांचं कारंजं उडायचं. तेल आणि पाणी एकजीव व्हायचं. काचेची कांडी त्यात बुडवून वरचं टोक लाकडावर टेकवलं की लाकडातून धूर निघायचा, आणि तीच कांडी बोटांत धरली की बोटं भाजायची, कांडी मात्र गरम नाही.

त्याच वर्षी लूमिस आणि विल्यम रिचर्ड्स यांनी आणखी एक निबंध लिहिला, आवाजाच्या रासायनिक परिणामांबद्दल. काही अभिक्रिया या आवाजात वेगानं होतात असं त्यांनी दाखवलं. सोनोकेमिस्ट्री या शास्त्राची सुरुवात इथून धरतात. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, दुसऱ्या गटानं पोटॅशियम आयोडाइडच्या साध्या द्रावणात आवाज सोडून आयोडीन मोकळं करून दाखवलं. ज्यांनी आठवीत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा रंग बघितलाय त्यांनी हे लक्षात ठेवा, कारण आजही एखादं अल्ट्रासॉनिक यंत्र खरंच काम करतंय की नुसतं गुणगुणतंय हे तपासायला हीच अभिक्रिया वापरतात.

पण हे होतं कसं, हे कळायला वेळ लागला. आणि इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण माहितीपत्रकं इथंच गफलत करतात. "ध्वनिलहरी रेणू तोडतात" असं लिहिलेलं असतं. ध्वनिलहरी रेणू तोडत नाहीत. वीस हजार कंपनांच्या आवाजाची पाण्यातली एक लाट साधारण साडेसात सेंटिमीटर लांब असते. रेणू तिच्यापुढे किती लहान, हे सांगायला नको. साडेसात सेंटिमीटरच्या लाटेला रेणूचा पत्ताही नसतो.

तोडतो तो बुडबुडा. आवाज म्हणजे पाण्याला सेकंदाला वीस हजार वेळा ओढणं आणि ढकलणं. ओढताना पाण्यात विरघळलेल्या हवेच्या कणाकणांपासून बुडबुडा फुगतो, ढकलताना तो आवळला जातो, पुन्हा फुगतो, आणि एका क्षणी त्याला स्वतःला सावरता येत नाही आणि तो कोसळतो. सायकलचा पंप जोरात मारला की खालचं टोक गरम लागतं, कारण हवा दाबली की तापते. इथं तेच, पण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. उष्णतेला बाहेर पळायला वेळच मिळत नाही. बुडबुड्याच्या पोटात तापमान पाच हजार अंशांच्या आसपास जातं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांचा आहे. आणि भोवतीचं पाणी? हात घालता येईल असं कोमट.

त्या आगीत पाण्याच्या वाफेचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय आक्रमक तुकडे तयार होतात. पाण्यातल्या रंगाच्या, औषधाच्या, कीटकनाशकाच्या रेणूंवर तुटून पडतात ते हे तुकडे. ध्वनिलहर फक्त हमाल आहे.

१९३४ मध्ये जर्मनीत कोलोनला फ्रेंझेल आणि शुल्टेस यांना तर या बुडबुड्यांचा उजेडच सापडला. फोटोच्या काचा आवाजानं लवकर धुतल्या जातील का हे ते बघत होते, आणि अंधारात काचांवर ठिपके उमटले. पाण्यातले बुडबुडे कोसळताना चमकत होते. हा उजेड विजेच्या ठिणगीचा की उष्णतेचा, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. १९८६ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात केनेथ सस्लिक यांच्या गटानं रसायनांच्याच वेगावरून बुडबुड्याचं तापमान मोजलं आणि पारडं उष्णतेच्या बाजूनं झुकलं.

याच्या आधीच, १९८० मध्ये, फ्रान्समध्ये झाँ-लुई ल्यूश यांनी प्रयोगशाळेतल्या भांडी धुवायच्या साध्या अल्ट्रासॉनिक टबमध्ये फ्लास्क ठेवून लिथियमच्या हट्टी अभिक्रिया सहज करून दाखवल्या होत्या. तो टब तर प्रत्येक प्रयोगशाळेत होता! रसायनशास्त्रज्ञांना नवं खेळणं मिळालं. १९८६ मध्ये इंग्लंडात वॉरिकला पहिली परिषद भरली, १९९४ मध्ये या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक निघालं. दरम्यान बाकीच्या धंद्यांनी तंत्र केव्हाच उचललं होतं. दातांच्या डॉक्टरकडे कीटण काढायचं सुंईं करणारं यंत्र असतं ते हेच, १९५० च्या दशकातलं. ते यंत्र दातावर फिरताना बघून न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन यांना मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायची कल्पना सुचली. गावात शिबिरात आजी-आजोबांचं 'फेको' ऑपरेशन होतं, त्याचा उगम तिथं.

दात, डोळा, चष्मा, अंगठी. एक गोष्ट ध्यानात येते का? सगळी कामं लहान जागेतली आहेत.

आता मुद्द्यावर येतो. प्रयोगशाळेत शंभर मिलिलिटर पाण्यात टायटॅनियमची कांडी बुडवायची, तिला हॉर्न म्हणतात, आणि शंभर वॉट शक्ती सोडायची. रंगीत पाणी फिकट होतं, निबंध प्रसिद्ध होतो. समजा तेवढ्याच तीव्रतेनं हजार लिटरची टाकी चालवायची म्हटलं, तर साधा त्रैराशिकाचा हिशेब करा. शंभर मिलिलिटरला शंभर वॉट म्हणजे लिटरला एक किलोवॅट. हजार लिटरला हजार किलोवॅट. तासभर चालवलं की हजार युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर हजार लिटर पाण्याला आठ हजार रुपये, तेही तासाभरात पाणी शुद्ध झालं तर. एमआयडीसीच्या सामाईक सांडपाणी केंद्रात रोज लाखो लिटर पाणी येतं. पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

आणि नुसते पैसे ओतून भागत नाही. हॉर्नच्या तोंडाशी बुडबुड्यांचा इतका दाट ढग जमतो की आवाज त्याच्या पलीकडे जातच नाही. जोर वाढवला तर ढग आणखी दाट. तीन-चार सेंटिमीटरवर धुमश्चक्री आणि वीतभर लांब पाणी शांत. तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर चष्म्याच्या दुकानदाराला विनंती करा, त्याच्या क्लीनरमध्ये पोळ्या गुंडाळायच्या फॉईलचा तुकडा उभा धरा. मिनिटभरात काही जागी भोकं पडतील आणि शेजारीच फॉईल जशीच्या तशी राहील. एवढ्याशा टबात ही स्थिती, तर टाकीत काय होणार?

त्यात बुडबुड्याचा स्वभाव उलटा. आपल्याला सवय आहे की तापवलं की अभिक्रिया वेगानं होते. इथं पाणी तापलं की बुडबुड्यात वाफ जास्त भरते, ती उशीसारखी काम करते आणि कोसळणं मऊ पडतं. म्हणजे यंत्र स्वतःच पाणी तापवणार आणि तुम्ही वर गार करायचा खर्च करणार. शिवाय हॉर्नचं टायटॅनियम हळूहळू झिजून पाण्यात उतरतं. पार्सन्सचे पंखे ज्यानं खाल्ले, त्याला टायटॅनियम वर्ज्य नाही.

हा हिशेब कागदावर मांडणाऱ्यांत माटुंग्याचं नाव मोठं आहे. आता जिला आयसीटी म्हणतात ती रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. रंग, कापड, तेल, औषध या धंद्यांना माणसं पुरवणारी संस्था. त्यामुळे तिथं प्रश्न विचारायची पद्धत वेगळी होती. "होतं का?" यावर थांबायचं नाही, "टनाला किती पडेल?" हे विचारायचं. प्रा. अनिरुद्ध पंडित, त्यांचे गुरू प्रा. ज्येष्ठराज जोशी आणि पुढे प्रा. पराग गोगटे यांनी हाच प्रश्न बुडबुड्याला विचारला.

त्यांनी एक तर अल्ट्रासॉनिक भांड्यांचे नकाशे काढले. भांड्यात कुठल्या बिंदूला किती दाब, कुठं बुडबुडे जोरात, कुठं काहीच नाही, हे मोजून मांडलं. मग भांडंच बदललं. कांडी बुडवायच्या ऐवजी षटकोनी आकाराचं सात-साडेसात लिटरचं भांडं, त्याच्या भिंतींवर ट्रान्सड्यूसर, २०, ३० आणि ५० किलोहर्ट्झ अशा तीन पट्ट्या एकत्र, आणि पाणी वाहतं. एका पट्टीची मृत जागा दुसरीनं भरून काढायची. फॉर्मिक ॲसिड किती मोडतं हे माप धरून त्यांनी हॉर्न, टब आणि हे भांडं यांची एकाच विजेच्या हिशेबावर तुलना केली. हॉर्नपेक्षा हे पसरट भांडं सरस ठरलं. कमी तीव्रता, जास्त जागा.

पण माझ्या मते त्यांचं जास्त महत्त्वाचं काम दुसरंच आहे, आणि ते याच्या आधी सुरू झालेलं होतं. त्यांनी विचारलं, बुडबुडाच हवाय ना? मग आवाज कशाला? जहाजाच्या पंख्याला आणि शेतकऱ्याच्या मोटारीला बुडबुडे करायला कुठं आवाज लागला होता? पंपानं पाणी ढकला, वाटेत बारीक भोकांची तबकडी किंवा गळा आवळलेली नळी ठेवा. अरुंद जागेत पाणी वेगानं धावतं, वेग वाढला की दाब पडतो, बुडबुडे होतात आणि पुढे नळी रुंद झाली की कोसळतात. १९९३ मध्ये पंडित आणि जोशी यांनी तेलाच्या हायड्रोलिसिसवर, म्हणजे तेल-साबण धंद्यातल्या रोजच्या कामावर, हे करून दाखवलं. पुढच्या वर्षी यीस्टच्या पेशी फोडून दाखवल्या. एकेका बुडबुड्याचं कोसळणं आवाजातल्याइतकं उग्र नसतं, पण नळीतून जाणारा प्रत्येक थेंब त्या भोकातून जातो. कोपऱ्यात शांत बसलेलं पाणी उरत नाही. आणि पंप दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावात मिळतो, ट्रान्सड्यूसर दुरुस्त करणारा मिळत नाही.

पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे, विनय भंडारी यांनी याच विचाराची आणखी एक वाट काढली. बारीक भोकं सांडपाण्यातल्या गाळानं चोंदतात आणि बुडबुड्यांनी झिजतात, म्हणून भोकंच नकोत; पाण्याला भोवऱ्यात फिरवायचं आणि भोवऱ्याच्या मधोमध बुडबुडे होऊ द्यायचे, भिंतीपासून लांब. भोवऱ्यात काय ताकद असते हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.

बुडबुड्याच्या नावावर काय काय खपवता येतं याचंही एक उदाहरण देतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या रूसी तालेयारखान यांच्या गटानं जाहीर केलं की बुडबुड्यांच्या कोसळण्यातून अणूंचं मीलन झालं. मीलन, म्हणजे सूर्यात जे चालतं ते, टेबलावरच्या भांड्यात. 'सायन्स'सारख्या नियतकालिकात हे छापून आलं. इतरांना ते स्वतंत्रपणे पुन्हा करून दाखवता आलं नाही, आणि २००८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या चौकशी समितीनं संशोधनातल्या गैरवर्तनाचा ठपका ठेवला. पाच हजार अंश खरे होते. म्हणून त्यापुढचे लाखो अंशही लोकांना खरे वाटावेत अशी इच्छा होती.

सांडपाण्याच्या बाबतीत फसगत इतकी मोठी नसते, बारीक असते. पाण्यातला रंग जातो आणि लोक टाळ्या वाजवतात. पण रंग जाणं म्हणजे रेणूचा रंग देणारा एक तुकडा मोडणं. उरलेला रेणू पाण्यातच असतो, कधीकधी आधीपेक्षा वाईट रूपात. खऱ्या सांडपाण्यात क्षार, बायकार्बोनेट असतात, ते हायड्रॉक्सिलचे तुकडे मधल्या मध्ये गिळतात. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात एक रंग विरघळवून मिळालेला आकडा कारखान्याच्या नळाला लागू होत नाही. नुसत्या कॅव्हिटेशननं काम अर्धवट राहतं, सोबत ओझोन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड द्यावं लागतं, हे या विषयातले संशोधकच सांगतात. जिवाणूंच्या टाकीत पाणी सोडण्याआधी न पचणारी रसायनं थोडी मोडून पचण्याजोगी करायची, एवढ्या मधल्या कामासाठी हे तंत्र खरंच उपयोगी पडू शकतं. ते काम लहान नाही. पण "ना गाळ, ना क्लोरीन, नुसता आवाज" हे त्याचं वर्णन नव्हे.

म्हणून उद्या एखाद्या नगरपरिषदेच्या सभेत किंवा कारखानदारांच्या बैठकीत असं यंत्र आलं, तर ग्लासातल्या पाण्याचं प्रात्यक्षिक बघून माना डोलवू नका. विचारा, की दर हजार लिटरला किती युनिट वीज लागली. चाचणी कुणाच्या पाण्यावर घेतली, आपल्या नाल्याच्या की बाटलीतल्या. रंग सोडा, सीओडी आधी किती होता आणि नंतर किती, आणि तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनं मोजला का. पाणी यंत्रातून एकदा गेलं की पन्नास वेळा फिरवलं, कारण पन्नास वेळा फिरवायचं असेल तर पंप पन्नासपट चालतो. सोबत पेरॉक्साइड ओतलं होतं का, आणि ओतलं असेल तर नुसत्या पेरॉक्साइडनं किती फरक पडला होता. तबकडी किंवा हॉर्न किती महिन्यांनी बदलायचा आणि तो किती रुपयांना. निविदेत हे आकडे नसतील तर निविदा अपुरी आहे, हे सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. नोंद झाली की पुढे बातमी करायला आम्हालाही कागद मिळतो.

माटुंग्याला किंवा पाषाणला शिकलेली, काम केलेली काही मंडळी ही पोस्ट वाचतायत हे मला माहीत आहे. कुणाच्या कारखान्यात कॅव्हिटेशनचं यंत्र प्रत्यक्ष बसलं असेल, चालू असेल किंवा बंद पडून ताडपत्रीखाली असेल, तर लिहा. कंपनीचं नाव नको. फक्त दोन आकडे द्या: दिवसाला किती लिटर, आणि किती युनिट.